ग्रांडे बेटाच्या गढूळ पाण्यातले प्रवाळ

बुधवार

कोल्हापूरहून भल्या सकाळी निघून आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा ओळखीचा रस्ता धरला आणि पत्रादेवीला गोव्यात शिरलो. बरोबर पत्नी आणि पुण्याला शिकणारी भाची होती. पणजी मागे टाकून जुवारी नदीवरच्या नव्या पुलावरून कुठ्ठाळीकडे उतरताना आमच्या सगळ्यांचे लक्ष खालच्या पाण्याकडे होते. पाऊस संपून दोन महिने उलटले होते, तरी नदीचे पाणी निवळलेले नव्हते. हीच जुवारी मुरगावपाशी समुद्राला मिळते आणि ज्या ग्रांडे बेटाभोवती आम्ही बुड्या मारणार होतो, ते बेट त्याच परिसरात, मुरगावच्या टोकाच्या दक्षिणेला आहे. मांडवी आणि जुवारीने आणलेला गाळ, पावसाळ्यातले गोडे पाणी आणि खवळलेल्या समुद्राने ढवळलेला तळ या तिन्हींना तोंड देऊन इथले प्रवाळ जगतात.

भारतात प्रवाळांचे विस्तीर्ण पट्टे अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात या चार ठिकाणी आहेत. पश्चिम किनाऱ्यावर मालवण, ग्रांडे बेट आणि मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट इथे प्रवाळ आढळतात ते खडकांना धरून, तुकड्या-तुकड्यांनी. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत खोल समुद्रात असलेली आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचे एक पठार, हा त्याला मोठा अपवाद. त्यामुळे ज्यांना वीस-तीस मीटरपर्यंत दिसणारे निळेशार पाणी हवे असेल त्यांनी खुशाल अंदमानला किंवा लक्षद्वीपला जावे. गोव्याच्या पाण्यात दूरचे दिसत नाही, म्हणून जवळचे नीट पाहावे लागते, आणि मी इथे आलो तो तेवढ्याचसाठी.

मुक्काम चिखलीला एका घरगुती जागेत होता. घरमालकीण बाई घरात कोंकणी आणि आमच्याशी शुद्ध मराठी बोलत होत्या. रात्री त्यांच्याकडे हुमण, शीत, सुंगटांची किसमूर आणि सोलकढी असे जेवण झाले.

गुरुवार

आमचा अभ्यासक्रम स्कुबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन बुडी मारण्याच्या, अठरा मीटर खोलीपर्यंतच्या प्राथमिक परवान्याचा होता. पुस्तकी भाग घरीच वाचून आलो होतो. आजचा दिवस पोहण्याच्या तलावातला. पाण्यात पाय टाकण्याआधी प्रकृतीविषयीचा लांबलचक प्रश्नांचा फॉर्म भरून द्यावा लागतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, फिट्स, गर्भारपण, चालू असलेली औषधे, सगळे त्यात येते. भाचीने सर्दी असल्याचे लिहिले होते. प्रशिक्षक मूळचे मालवणकडचे, तारकर्लीला तयार झालेले. त्यांनी फॉर्म वाचला, तिचा आवाज ऐकला आणि तिला सरळ थांबवले. "ताई, आज तुमका पाण्यात न्हेवक जमाचा नाय. सर्दी बरी झाली की येवा," इतकेच ते म्हणाले. गोळी घेऊन जमेल का, असे तिने विचारले, तेव्हा मात्र त्यांनी बसून समजावले. नाक मोकळे करणाऱ्या गोळीचा असर पाण्याखाली असतानाच उतरला, तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडू शकत नाही आणि पडद्याला इजा होते. मुलगी हिरमुसली, मला मात्र या माणसाविषयी त्या क्षणापासून भरवसा वाटू लागला.

या सगळ्या विद्येचे मूळ दाबात आहे. समुद्रसपाटीवर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते, म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. कानाच्या पडद्यामागची हवा त्या प्रमाणात आकसते, म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची आणि कान मोकळे करायचे, तेही दुखायला लागण्यापूर्वी, दर अर्ध्या-एक मीटरला. याच नियमाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. दहा मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. श्वास रोखून वर आलेल्या माणसाचे फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कुबाचा पहिला नियम.

सकाळभर एकेका वस्तूची ओळख चालली होती. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते ती साधी, गाळलेली हवा. तिला निव्वळ ऑक्सिजन समजण्याचा गैरसमज फार पसरलेला आहे. निव्वळ ऑक्सिजन थोड्याच खोलीवर विषारी ठरतो. रेग्युलेटर हा या साहित्याचा प्राण. आपण ओढू तेव्हाच, ओढू तेवढीच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाची हवा तो देतो. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ही युक्ती सिद्ध केली आणि त्यानंतर माणूस दोरी-नळीशिवाय पाण्याखाली सहज हिंडू लागला. हवा भरता-सोडता येणारे जाकीट, ज्याला सगळे बीसीडी म्हणतात, शिशाच्या वजनांचा पट्टा, मास्क आणि पायात घालायचे पर, म्हणजे फिन्स, असा बाकीचा सरंजाम.

दुपारी तलावात मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढणे, तोंडातून रेग्युलेटर काढून परत लावणे, जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेणे, ही कवायत पुन:पुन्हा करून घेतली गेली. पत्नीला मास्कचा व्यायाम नकोसा झाला होता, पण प्रशिक्षकांनी घाई केली नाही. गुडघाभर पाण्यात तिला बसवून ते शांतपणे श्वास मोजत राहिले आणि चारच्या सुमारास तिने तो सहज करून दाखवला. खुणांची उजळणी शेवटी झाली. अंगठा वर केला तर अर्थ 'वर चला' असा होतो. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

शुक्रवार

पहाटे घरमालकीण बाईंनी पेज आणि लोणचे दिले. बोटीवर जाण्यापूर्वी याहून चांगला आहार नाही. पोट जड नसते आणि उपाशीही नसते. बोगमाळोच्या किनाऱ्यावरून बोट सुटली तेव्हा वारा जवळजवळ नव्हता. तिथीने अष्टमी होती आणि तोही योगायोग नव्हता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीचा ओढा जोराचा असतो, तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे पाणी असते, ओढा मंदावतो आणि पाणी त्यातल्या त्यात निवळते. इथला हंगाम ऑक्टोबर ते मे असा धरतात, पण कोळ्यांची ही तिथींची जाण महिन्यांपेक्षा अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत झाले.

बेटाच्या आडोशाला बोट थांबली. बोटीच्या काठावर बसून मागे पाठ टाकायची आणि पाण्यात जायचे. दोरीला धरून एकेक हात खाली उतरू लागलो. पाण्याचा रंग हिरवा होता आणि सहा-सात मीटरपलीकडे काहीही दिसत नव्हते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत माझा श्वास जलद चालला होता, तो हळूहळू लांबला आणि मग स्वत:च्या श्वासाखेरीज दुसरे काही ऐकू येईनासे झाले. गेजवर आठ मीटर खोली आणि २८ अंश तापमान दिसत होते.

खाली वाळू आणि काळे खडक. पहिल्यांदा वाटले, सगळेच मातकट आहे. मग प्रशिक्षकांनी टॉर्च पेटवून एका खडकाच्या कडेला धरला आणि तिथला मळकट तपकिरी स्पंज लालभडक झाला. पाणी प्रकाशातला तांबडा रंग आधी शोषून घेते. पाचेक मीटर खाली तो जवळजवळ उरत नाही, पण टॉर्चचा प्रकाश वस्तूपर्यंत थोडेच अंतर कापतो, म्हणून रंग परत येतो. पाण्याखाली सगळे काही एक-तृतीयांशाने मोठे आणि एक-चतुर्थांशाने जवळ दिसते. खडकाला हात लागेल असे वाटावे तर तो अजून दूर असतो. ही नजरेची सवय व्हायला वेळ लागतो.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे घोळक्याने फिरत होते. एका कपारीत लांब काट्यांचे सी-अर्चिन दाटीने बसले होते आणि त्यांच्या आड मोरे ईल तोंड उघडझाप करीत होता. ते त्याचे श्वास घेणे असते, धमकी नव्हे. घाबरला की फुगणारा एक केंड मासा आमच्याकडे पाहत सावकाश निघून गेला. फुगला नाही, याचा अर्थ आम्ही त्याला त्रास दिला नाही.

वर आल्यावर जे पाहिले त्याने मात्र मन खट्टू झाले. बेटाच्या त्याच आडोशाला पर्यटकांनी भरलेल्या बोटींची रांग लागली होती. 'स्कुबा' म्हणून जे विकले जात होते त्यात माणसाला साहित्य अडकवून, सिलिंडरला धरून दोन-तीन मीटर खाली नेत, फोटो काढत आणि पाच-दहा मिनिटांत वर आणत. कान मोकळे कसे करायचे हे नीट सांगितलेले नाही, प्रकृतीची चौकशी नाही. तोल सावरायला लोक खडकांवर उभे राहत होते, आणि त्या खडकांवरच प्रवाळ वाढतात. मासे जमावेत म्हणून पाण्यात बिस्किटांचा चुरा टाकला जात होता. नांगर सरळ खडकावर पडत होते. ते पर्यटक हौसेने आले होते, त्यांना कोणी काही सांगितलेलेच नव्हते. सांगण्याची जबाबदारी ज्यांची, ते पुढच्या गिऱ्हाइकाच्या घाईत होते. आमची बोट वाळूवर नांगरली होती. गिऱ्हाइकाने सहल ठरवताना एवढे तीन प्रश्न जरूर विचारावेत: प्रकृतीचा फॉर्म आहे का, उथळ पाण्यात आधी सराव देता का, आणि नांगर कुठे टाकता?

शनिवार

आज बारा मीटरपर्यंत गेलो. सकाळची बुडी एका बुडालेल्या जहाजावर होती. गंजलेल्या पत्र्यांवर शिंपले आणि मऊ प्रवाळ चढले आहेत, आत तांबोशी माशांची वस्ती आहे. लोखंडी भाग दूरवर विखुरले आहेत. गढूळ पाण्यातून एखादी कड एकदम समोर येते आणि मग कळते की आपण जहाजाच्या अंगावरूनच चाललो आहोत. आत शिरायला आम्हांला मनाई होती, ती योग्यच.

गोव्याच्या समुद्रातली बुडालेली जहाजे हा अभ्यासाचा मोठा विषय आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सागरी पुरातत्त्वज्ञांनी त्यांतल्या काहींचा शोध घेतला आहे. सुंची खडकाजवळच्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा आणि चिनी मातीची भांडी मिळाली. सेंट जॉर्ज खडकाजवळ मिळाली ती चक्क कौले आणि विटा. कौलांवर बासेल मिशन टाइल वर्क्स या नावाबरोबर १८६५ हे साल आहे, आणि मंगळुरातला तो कारखाना सुरू झाला ते वर्ष हेच. म्हणजे जहाज बुडाले ते त्यानंतर. कोकणात आणि गोव्यात ज्या घरांवर मंगळुरी कौले आहेत, त्यांच्या पिढीतला माल समुद्राच्या तळाशी पडून आहे. दुपारच्या विश्रांतीत प्रशिक्षकांनी ही हकिगत सांगितली तेव्हा बोटीवरचे खलाशीही ऐकत बसले.

दुसऱ्या बुडीत ज्यासाठी आलो होतो ते निवांतपणे पाहता आले. एका उतरत्या खडकावर टर्बिनेरिया जातीच्या प्रवाळाची वसाहत होती, कडा वर उचललेली, पानाच्या द्रोणासारखी, दोन हात रुंद. तिच्यापासून वीतभर अंतरावर, जाकिटातली हवा कमी-जास्त करत, फिन्स वर ठेवून मी स्थिर राहिलो. दुरून तपकिरी दिसणाऱ्या त्या पृष्ठभागावर जवळून पाहिल्यावर शेकडो नळ्या दिसल्या आणि प्रत्येक नळीच्या तोंडाशी पिवळसर, नाजूक बाहूंचे कडे उमललेले होते. प्रत्येक कडे म्हणजे एक जीव, एक पॉलिप. माझ्या हाताच्या हालचालीने पाणी किंचित ढवळले आणि तेवढ्या भागातले जीव आत ओढले गेले; बाकीचे तसेच राहिले. मग त्याच द्रोणाच्या तळाशी गाळाचा थर दिसला आणि त्यावर चिकट स्रावाचे पातळ पापुद्रे. अंगावर बसलेला गाळ प्रवाळ असाच स्रावात गुंडाळून, सूक्ष्म केसांच्या हालचालीने कडेला लोटतो. हे काम त्याला रात्रंदिवस करावे लागते आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते. टर्बिनेरिया गढूळ पाणी इतरांपेक्षा अधिक सोसते, म्हणून ती इथे टिकून आहे. शेजारी पोराइटीस जातीचा गोल गड्डा होता. हा प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यावर टेकवलेला एक पाय किती वर्षांची वाढ मोडतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

द्रोणाची खालची कड मात्र पांढरी होती. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. प्रवाळाचा रंगही बहुतांशी त्यांचाच. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही शैवाले प्रवाळ सोडून जातात किंवा बाहेर टाकली जातात. असा पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवाले परत येतात, नाहीतर तो मरतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रांडे बेटाजवळच्या प्रवाळांच्या प्रकृतीची खोलीनुसार पाहणी केली आहे. जगभराच्या समुद्रांत चौथे मोठे विरंजन, म्हणजे प्रवाळांचे असे पांढरे पडणे, चालू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचून पान उलटले होते. इथे तशी एक पांढरी कड समोर होती. ती उष्णतेने पांढरी पडली, गाळाने की आणखी कशाने, हे एका भेटीत ठरवता येणार नाही.

परतताना एका खडकावर नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा तुकडा अडकलेला दिसला. जाळे ओढून काढले तर त्याबरोबर प्रवाळ तुटतात, म्हणून प्रशिक्षकांनी सुरीने एकेक धागा कापला. एक खेकडा त्यात गुरफटला होता, तो मोकळा झाल्यावर आडवा पळत कपारीत गेला. ते जाळे पिशवीत भरून वर आणायला माझ्या हवेतला बराच वेळ गेला, आणि तो मला पुरेपूर सत्कारणी लागलेला वाटला.

वर येण्यापूर्वी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून. डोक्यावर कुठेतरी बोटीचे इंजिन चालू होते, पण कुठल्या बाजूला ते कळेना. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, हवेच्या चौपटीहून अधिक. दोन्ही कानांवर तो जवळपास एकदमच पोहोचतो आणि दिशा हरवते. आम्ही कुठे आहोत हे बोटींना दिसावे म्हणून प्रशिक्षकांनी नारिंगी रंगाची फुगवण्याची नळी वर सोडली, मग गोल फिरत, हात वर धरून आम्ही पृष्ठभागावर आलो.

रविवार

भाचीची सर्दी गेली होती. काल तलावात तिचा सराव करून घेतल्यावर आज तिला नवशिक्यांच्या बुडीसाठी नेले. आम्ही दोघे मास्क आणि स्नॉर्केल लावून वरून पाहत होतो. गढूळ पाण्यात तिचे फिन्स दिसेनासे झाले आणि नंतर फक्त बुडबुडे येत राहिले. अकराच्या आत ती वर आली. आधी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मामा, त्या द्रोणातला एक पॉलिप खात होता. काहीतरी बारीक त्याने आत ओढलेलं मी बघितलं." तिला प्रशिक्षकांनी तोच प्रवाळ दाखवला होता.

आजच निघालो असतो तर रात्री घरी पोहोचलो असतो, पण ते शक्य नव्हते. बुड्यांनंतर विमानात बसायचे नाही, हे सर्वांना ठाऊक असते: एका बुडीनंतर किमान बारा तास, लागोपाठच्या बुड्यांनंतर किमान अठरा. घाटरस्त्यालाही तोच नियम लागू होतो, हे मात्र कोणी सांगत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. गोव्यात किंवा मालवणात बुडी मारून त्याच संध्याकाळी घाट चढणाऱ्या कोल्हापूर, बेळगाव, सांगलीकडच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

दुपार दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात गेली.

सोमवार

सकाळी आठला चिखली सोडली. निघण्यापूर्वी प्रशिक्षक आमच्या लॉगबुकांवर, म्हणजे बुड्यांच्या नोंदवह्यांवर, सह्या करायला आले. भाचीने तिच्या पानावर टर्बिनेरियाचे चित्र काढले होते, पांढऱ्या भागाची रेघ आखून, खोली आणि पाण्याचे तापमान लिहून. त्यांनी ते पान मोबाइलवर टिपून घेतले. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत तापलेले असते, तेव्हा त्याच जागी जाऊन ती रेघ कुठवर आली आहे ते पाहीन आणि फोटो पाठवीन, असे त्यांनी तिला सांगितले आणि तिने त्यांचा नंबर वहीत उतरवून घेतला.